पहिला हात

पीठ चाळून झालं होतं. रविनाने परातीत पाणी ओतलं, तेवढ्यात चार वर्षांची परी दारातून धावत आली आणि आपला खेळण्यातला प्लॅस्टिकचा मोबाईल आईपुढे धरून म्हणाली, "मम्मी, हा डब्यात टाक."

"कोनत्या डब्यात व?"

परीने फळीकडे बोट केलं. देवाच्या तसबिरीशेजारी तिथे कडीचा एक पत्र्याचा डबा होता. "त्या. मी पोरगी हाव ना? मोठी झाली का काढून देजो."

बाहेर ओट्यावर बसलेली सासू, लालीबाई, हसली. "पाय, लेकराले समजते. मोठ्यायले समजत नाई."

हसायला रविनाही हसली. पण भाकरी थापताना तिची नजर पुन्हा पुन्हा त्या डब्याकडे जात राहिली आणि पहिली भाकरी तव्यावर करपली.

पूर्वी त्या डब्यात ज्वारी असायची. गेल्या प्रजासत्ताक दिनापासून त्यात वरच्या तांड्यातल्या पोरींचे मोबाईल होते. सुरुवातीला डबा वाजायचा. भर दुपारी, घर शांत असताना आतून घरघर यायची, पत्रा थरथरायचा, एखादं गाणं अर्धवट वाजून थांबायचं. परी घाबरून आईच्या पदरात शिरायची. मग एकेकाची बॅटरी संपत गेली आणि डबा गप्प झाला. ती शांतता रविनाला त्या आवाजापेक्षा जास्त खुपायची. का, ते तिने स्वतःला बरेच दिवस विचारलं नव्हतं.

महागावहून घाट चढून आलं की वरचा तांडा लागतो. रविना पुसदच्या कॉलेजातून बी.ए. होऊन इथे सून म्हणून आली. सासरा देवीलाल तांड्याचा कारभारी, म्हणजे तांडाप्रमुख नाईकाच्या उजव्या हाताला बसणारा माणूस. नवरा ओम पिकअप चालवायचा. घर खाऊनपिऊन सुखी, सासू तोंडाने फटकळ पण हाताने मायाळू. ओमची धाकटी बहीण सोनू तर रविनाच्याच अंथरुणात झोपायची. दहावीचा अभ्यासही तिने वहिनीपाशी बसूनच केला.

जानेवारीत तांड्यातली एक मुलगी दुसऱ्या गावच्या मुलाबरोबर निघून गेली. मोबाईलवर जमलं, असं जो तो म्हणू लागला. ग्रामसभेत धावजी नाईक उभे राहिले. अठरा वर्षांच्या आतल्या पोरीजवळ मोबाईल दिसणार नाही, दिसला तर बापाला दंड. पोरांच्या मोबाईलचं नाव कोणी काढलं नाही. पुरुषांचे हात भराभर वर गेले. मागे डोक्यावरून पदर ओढून बसलेल्या बायांमध्ये कोणी हललं नाही.

"बायायचाबी हात पायजे," नाईक म्हणाले. "नाईतर उद्या पेपरवाले म्हनतीन का बुढ्यायनं बसून ठराव केला." त्यांची नजर फिरत फिरत रविनावर थांबली. "शिकेल सून हाय आपल्या कारभाऱ्याची. बोल बाई, तुले काय वाट्टे?"

आणि इथे लपवण्यात अर्थ नाही. रविनाला तेव्हा खरंच तसंच वाटत होतं. तिला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी शिकवून पाठवलं नव्हतं. परी झाल्यापासून तिला सगळीकडे धोकाच दिसायचा. विहिरीचा काठ, बाहेरचा माणूस, पेपरातली प्रत्येक वाईट बातमी तिच्याच दाराशी येऊन उभी राहायची. सोनू परीक्षा तोंडावर असताना गोधडीत तोंड खुपसून रील पाहायची, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. घरात येणारं वाईट त्या टीचभर काचेतूनच येतं, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

तिने हात वर केला.

मागे आधी एकच कोरडा खट्‌कन आवाज झाला. दंडापासून मनगटापर्यंत घालायच्या जुन्या पांढऱ्या बलिया तांड्यात आता फक्त लालीबाईच घालायची. तिचा हात हलला की लाकडावर लाकूड आपटल्यासारखं वाजायचं. त्या आवाजापाठोपाठ काचेच्या बांगड्यांची सर आली. रविनाने वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, सगळ्यात पुढे तिचा उंच हात. देवीलालने तो चौकटीत बसवून भिंतीला लावला, आणि डबा ठेवायला घरही कारभाऱ्याचंच ठरलं.

मग वैशाखातली ती संध्याकाळ. रविना कपड्यांच्या घड्या करत होती. सोनू आली, फळीखाली उभी राहिली.

"भाभी, माहा मोबाईल दे व. पाच मिनिटं."

"कायले?"

सोनूने दाराकडे पाहिलं. दारात लालीबाई उभी होती.

"सोनू, मीच हात वर केला अन् मीच मोडू का?" रविना म्हणाली. "तुले देल्ला तं उद्या सगळ्या पोरी येतीन."

"पाचच मिनिटं, भाभी. तुह्या समोर."

"नाई म्हनलं ना! रिझल्ट लागू दे, मंग पाहू."

सोनूने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. मग निमूट निघून गेली. दुसऱ्या दिवशी मामाच्या पोरीचा साखरपुडा म्हणून घरची मंडळी तिला घेऊन केळापूरकडे गेली. परीला ताप होता, रविना मागे राहिली. पिकअप परत आली तेव्हा तीत सोनू नव्हती.

"लगीन करून टाकलं," ओम चपला काढत म्हणाला. बाजारात पोती उतरवून आल्यासारखा. "चांगलं घर हाय. नदीपल्याडचं."

"सोळा वर्षांची हाय ती!"

"हळू बोल."

रविना हळू बोलली. मग आणखी हळू. मग बोलायचीच थांबली. दहावीचा निकाल लागला, सोनूला पहिला वर्ग मिळाला. तो सांगायला रविनाने नदीपल्याडच्या घरी फोन लावला, तर सोनूच्या नवऱ्यानेच उचलला. "सांगतो," म्हणाला आणि ठेवला.

राखीला सोनू माहेरी आली.

तांड्यात तीजचे दिवस होते. लग्न न झालेल्या पोरी दुरडीत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, आणि शेवटी ते पोपटी अंकुर घरोघर वाटतात. सोनूच्या वर्गातल्या साऱ्या पोरी दुरड्या घेऊन विहिरीकडे निघाल्या. सोनू ओट्यावर बसून राहिली. एक मैत्रीण चुकून "चाल ना व सोनू" म्हणाली, आणि दुसरीने तिला कोपर मारलं. "तिले चालत नाई आता. ती बाई झाली."

सोनू बारीक झाली होती. ओठ पांढरे. कुठेही बसली तरी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायची. परीने मागून येऊन गळ्यात हात टाकले, तर ती एवढी दचकली की परीच रडायला लागली.

त्या दुपारी घरामागे भांडी घासता घासता रविनाने विचारलं, "काय झालं व, सोनू? सांगशीन तं समजीन."

सोनूचा राखेचा हात भांड्यावर फिरत राहिला.

"दोन महिने गेलते," सोनू म्हणाली. तिचा आवाज पुस्तकातला धडा वाचावा तसा सपाट होता. "मंग पडलं. दवाखान्यात नेलं नाई. वय इचारतीन म्हने. सासू म्हनते नाटकं करते. आता मले विहिरीवर एकटीले जाऊ देत नाईत."

"काहून?"

"मी लय येळ खाली पाह्यतो म्हनून."

रविनाच्या हातातला भाताचा गंज निसटून फरशीवर गडगडत गेला.

"भाभी, एक इचारू? त्या दिवशी मी मोबाईल मांगतला तं तुले काय वाटलं? रील पाह्यले मांगते?"

"मंग कायले व?"

"दहा-नऊ-आठ," सोनू म्हणाली. "शाळेच्या भिंतीवर लिहेल हाय ना, लेकरायच्या मदतीचा नंबर. तूच तं पाठ करून घेतला होता माह्याकडून. संकट आलं का हा लाव, म्हने. लग्नाचं बोलनं मी आयकलं होतं. शेजारच्या काकीले मोबाईल मांगतला, तिनं देल्ला नाई. ठराव हाय म्हने, दंड कोन भरीन. मंग तुह्याकडे आली."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर रविनाने सोसला असता. सोनूने गंज उचलून आणला, वहिनीपुढे ठेवला आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसली. "पंधरा तारखेला घ्याले येतीन. या खेपी गेली तं मी येनार नाई, भाभी. तुले सांगून ठेवलं. याडीले सांगू नको." आईला ती याडीच म्हणायची.

त्याच संध्याकाळी धावजी नाईक ओट्यावर येऊन बसले. चहा झाला, सोयाबीनचं बोलणं झालं. मग म्हणाले, "पंधरा ऑगस्टले सभेत यूट्यूबवाला येनार हाय महागावचा. आपल्या ठरावाची गोष्ट त्याले पायजे. सूनबाई बोलन. पहिला हात तिचाच होता."

"बोलन ना," देवीलाल म्हणाला. "कायले नाई बोलनार."

रविना कपबशा उचलत होती. सासऱ्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिने मान डोलावली. आत जाऊन डब्याला हात लावला. पत्रा गार होता.

ती ओमशी बोलली. जेवण वाढताना, अगदी सहज बोलल्यासारखं. "सोनूले काही दिवस इथंच ठेवू ना. तब्येत बरी नाई तिची."

"तिच्या घरच्यायले काय सांगू?"

"वय सांगा."

ओमने घास खाली ठेवला. "तुले समजते का काय बोलून राह्यली? बापू आत जाईन. मी आत जाईन. पिकअप मीच चालवली. त्या पोरीच्या पायी घर बुडवतं का?" मग जरा थांबून, ताटाकडे पाहत, "मलेबी बरं वाट्टे का? पन झालं ते झालं."

झालं ते झालं. हे शब्द रविनाने त्या घरात किती जणांच्या तोंडून ऐकले असतील. प्रत्येक जण ते दुसऱ्याच्या केलेल्या गोष्टीबद्दल बोलल्यासारखं बोलायचा. तीसुद्धा.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी आभाळ भरून होतं, पण पाऊस पडत नव्हता. लालीबाई ओट्यावर सोनूची वेणी घालत होती. फणीत केसांचा पुंजका आला. तिने तो काढून टाकला, पुन्हा फणी फिरवली, पुन्हा पुंजका. मग मानेवरचे केस बाजूला करताना तिचा हात थांबला. तिथे काय होतं ते रविनाला लांबून दिसलं नाही. लालीबाईला दिसलं. तिने वेणी सैल घातली, मान झाकली जाईल अशी, आणि नंतर उगाच सोनूच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

"मी ओढनी घ्याच्या आधी लगीन होऊन आली होती या घरात," ती कोणाला तरी सांगितल्यासारखी म्हणाली. "मेली का मी?"

तिने स्वतःच पुन्हा विचारलं, हळू, "मेली का?"

झेंडावंदन झालं. शाळेच्या भिंतीसमोरच मंडप घातला होता. भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं, बालविवाह हा गुन्हा आहे. खाली तो तीन पायऱ्यांत पाठ होणारा आकडा. त्याच्याही खाली गावच्या बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचं नाव, म्हणजे टेबलाशी बसलेल्या ग्रामसेवकाचंच. यूट्यूबवाल्याने माईकला रंगीत फडकं गुंडाळलं. पुरुष खुर्च्यांवर, बाया मागे सतरंजीवर. सोनू शेवटच्या ओळीत, खांबाला पाठ लावून.

"आता कारभाऱ्याच्या सूनबाई," नाईक म्हणाले. टाळ्या झाल्या.

रविना उठली ती एका हातात परीचा हात आणि दुसऱ्या काखेत डबा घेऊन. डबा तिने टेबलावर, ग्रामसेवकासमोर ठेवला. लोक हसले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

"मी रविना ओम राठोड," ती म्हणाली. माईकमधून आपलाच आवाज परका वाटला. कॉलेजात भाषण पाठ केलं होतं तशी सुरुवात तिने ठरवली होती, ती सगळी विसरली. "जानेवारीत इथं पहिला हात मी वर केला होता. मले कोनं जबरदस्ती केली नाई. मले वाटलं मी पोरीयले वाचवून राह्यली. माह्या मागं तुमी साऱ्या बायायनं हात वर केले, काहून का मी शिकेल होती. ते माहं चुकलं. मी आज माहा हात खाली घेतो."

मंडपात कुजबुज झाली. यूट्यूबवाला पुढे सरकला.

"हात काय पडदा हाय का व?" नाईक हसत म्हणाले. "वर केला, खाली सोडला?"

दोघेचौघे हसले. रविना थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

"या डब्यात माह्या नणदेचा मोबाईल हाय. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं तो मांगतला, मी देल्ला नाई. तिले या भिंतीवरचा नंबर लावाचा होता. ती सोळा वर्षांची हाय. आज तिले घ्याले येऊन राह्यले. अन् मी सांगतो, ती जानार नाई."

आता कोणी हसत नव्हतं.

"बस खाली," देवीलाल म्हणाला. तो ओरडला नाही. त्यामुळेच सगळ्यांनी ऐकलं.

ओम खुर्च्यांमधून वाट काढत आला. त्याने तिचं कोपर धरलं, दुसऱ्या हाताने परीला आपल्याकडे ओढलं आणि कानाशी बोलला. "घरी चाल. आता चाल. नाईतर परी तुह्यापाशी राहनार नाई, सांगून ठेवतो."

परी बापाच्या पायाला बिलगून आईकडे पाहत होती. एवढी एक गोष्ट रविनाने हिशेबात धरली नव्हती. भीतीने ज्या पोरीसाठी हात वर केला, तीच आता पलीकडे उभी होती. तिने कोपर सोडवून घेतलं, माईक सोडला नाही.

"साहेब, तुमी अधिकारी हाव ना?" तिने ग्रामसेवकाला विचारलं. "भिंतीवर नाव हाय तुमचं."

ग्रामसेवक कागद चाळू लागला. "ताई, हा आजच्या सभेचा विषय नाही."

"विषय नाई कसा?" नाईक उठले. त्यांचं हसू गेलं होतं, पण आवाज गोड होता. "आपली ग्रामसभा हाय, मतच घेऊ. पोरगी अठराची हाय, हे मी सांगतो, कारभारी सांगतो. ज्याले वाट्टे का ती लहान हाय, त्यानं हात वर करा. पन ध्यानात ठेवा. जो हात वर करन, त्याच्या घरी उद्यापासून तांड्यातलं कोनी पानी पिनार नाई. ना लग्नाले, ना मयतीले."

अशी सभा तुम्हीआम्ही पाहिली नसेल. पण तिथे बसलेल्यांपैकी कोणालाच ती विचित्र वाटली नाही, हे खरं. एका जित्या पोरीचं वय हात मोजून ठरवायचं होतं, आणि तिच्याबरोबर शाळेत गेलेल्या पोरींच्या आया सतरंजीच्या दशा ओढत खाली पाहत होत्या. तिच्या जन्माची बर्फी खाल्लेले शेजारी आभाळाकडे पाहत होते, पाऊस येतो का म्हणून.

रविनाने हात वर केला.

या वेळी तिला पुढचे चेहरे दिसत होते. सासऱ्याचा, नवऱ्याचा, नाईकांचा. मागचं काही दिसत नव्हतं. तिने वळून पाहिलं नाही. जानेवारीत वळून पाहायची गरज वाटली नव्हती, आज धीर नव्हता. ती फक्त ऐकत होती. बांगड्या वाजल्या नाहीत. कोणीतरी खोकललं. सतरंजीवर कुठे लहान मूल कुरकुरलं आणि त्याच्या तोंडात पटकन दूध गेलं. हात भरून आला, खांदा दुखू लागला, तरी मागे शांतताच. डब्यातली होती तशी.

"झालं?" नाईक म्हणाले. "एक हात. साहेब, लिहून घ्या."

तेव्हा मागे वाजलं. काचेचं नव्हे. लाकडावर लाकूड आपटावं तसं, कोरडं, खट्‌कन.

देवीलालचा चेहरा बघूनच रविनाला कळलं. तिने मग मान वळवली. लालीबाई सतरंजीवरून उठून उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि वर केलेल्या हातावरच्या पांढऱ्या बलिया कोपराकडे उतरल्या होत्या.

"जनली मी तिले," ती म्हणाली. "वय मले इचाराचं होतं. कोनं इचारलं?"

यूट्यूबवाल्याचा कॅमेरा सासूवरून सुनेवर, सुनेवरून ग्रामसेवकावर फिरत राहिला, आणि ग्रामसेवकाने पहिल्यांदाच हातातले कागद खाली ठेवले. लालीबाईच्या शेजारच्या बाईने आपला हात पदराखाली घट्ट दाबून धरला होता. तो वर येईल की नाही, ते तिचं तिलाच ठाऊक.

रविनाने डब्याची कडी काढली. वरचाच मोबाईल सोनूचा, मागे फुलपाखराचं चित्र. तिने बटण दाबलं. काच काळी ती काळीच.

घाटाच्या वळणावर सोनूच्या सासरच्या जीपचा हॉर्न वाजला. दोनदा, ओळखीचा. पुरुषांच्या माना तिकडे वळल्या. ओम परीला कडेवर घेऊन जागच्या जागी उभा होता, ना पुढे ना मागे.

सोनू खांबापासून उठून बायांच्या मधून चालत आली. मेलेला मोबाईल तिने घेतला नाही. वहिनीच्या कमरेला खोचलेला मोबाईल तिने स्वतःच ओढून काढला. हॉर्न पुन्हा वाजला, आता जवळून. सोनूने मान वर केली नाही, भिंतीकडेही पाहिलं नाही. ती आकडे दाबत होती.